रोजा ठेवला, पाणी मात्र नाही दिलं

काटेपूर्णेकाठचा | ५ वा रोजा, रात्री ११:१०

सगळ्यांना सलाम आणि नमस्कार. मी बार्शीटाकळी तालुक्यातला. गावात आमची १८ घरं आणि एक लहानशी मशीद. महिनाभर हाफिज (कुरआन तोंडपाठ असलेला) ठेवायची गावाची ऐपत नाही, म्हणून आमच्याकडं तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची जादा नमाज, 'अलमतरा'ची होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठ्या गावात हाफिज रमजानभर रोज थोडं थोडं करून तरावीहमध्ये पूर्ण कुरआन ऐकवतात. आमच्यासारख्या खेड्यात इमामसाहेब कुरआनच्या शेवटच्या १० सूरा (अध्याय) घेतात, सूरा फीलपासून सूरा नासपर्यंत. रकाती (नमाजेतल्या फेऱ्या) २०, म्हणजे दहाही सूरा दोनदा. त्यामुळे सूरा माऊन रोज रात्री दोन वेळा कानावर पडते, तिसऱ्या रकातीत आणि पुन्हा तेराव्या.

७ आयतींची (ओळींची) सूरा. सहा-सात वर्षांचा असल्यापासून पाठ आहे. अर्थ कधी कोणाला विचारला नाही. मागच्या पावसाळ्यात मुलीनं कुरआनचं मराठी भाषांतर आणलं आणि आईला वाचून दाखवत होती, तेव्हा मी ओट्यावर दोर वळत बसलो होतो. तिथं पहिल्यांदा समजलं. सुरुवात होते अनाथाला धक्के देऊन हाकलणाऱ्यापासून आणि गरिबाच्या जेवणाचं कोणाला सांगतही नाही अशा माणसापासून. मग म्हणते, नाश आहे त्या नमाज पढणाऱ्यांचा, जे आपल्या नमाजेविषयी गाफील आहेत, जे दाखवण्यासाठी करतात, आणि जे 'माऊन' नाकारतात. माऊन म्हणजे शेजाऱ्यानं मागितली तर द्यायची रोजच्या वापरातली साधी वस्तू. हजरत अब्दुल्ला इब्न मसऊद यांनी उदाहरणं दिली आहेत ती कुऱ्हाड, हंडी आणि बादलीची.

आता माझं ऐका. माझ्या वावराला लागून एक धुरेकरी आहे. चार वर्षांपूर्वी त्यानं धुरा (बांध) दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, माझ्या अंगाला सरकवला असं माझं म्हणणं, सरकवलाच नाही असं त्याचं. तेव्हापासून बोलणं बंद. यंदा त्याची बोअर आटली. दोन एकर उशिराचा गहू, आत्ता कुठं दाणा भरायला लागलाय. परवा असरच्या (दुपारनंतरच्या नमाजेच्या) वेळी तो स्वतः धुऱ्यावर आला. चार वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, "भाऊ, रातच्या लाइनीत दोन रात्री पाणी दे. बिल मी भरतो."

मी म्हणालो, माझ्याच विहिरीत नाही.

खोटं होतं. विहिरीत तीन परस पाणी आहे. माझं ओलीत आटोपलंय, हरभरा सोंगणीला आलाय, मला आता पाण्याचं कामच नाही.

तो काही न बोलता गेला. मी घरी आलो, वजू केला (नमाजेआधी हातपाय-तोंड धुतलं), मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) अजानला खजूर तोंडात घेतला, इफ्तारची दुआ म्हटली. रात्री तरावीहला उभा राहिलो. तिसरी रकात आली. इमामसाहेबांचा आवाज साधाच आहे, रोजचाच. मला मात्र पुढचं काही ऐकू आलं नाही. तेराव्या रकातीपर्यंत मी फक्त उठत-बसत होतो.

दिवसभर ज्या तोंडात पाण्याचा थेंब घेतला नाही, त्याच तोंडानं पाण्याबद्दल खोटं बोललो. माझे हे रोजे झाले की नाही, हे इथल्या जाणत्यांना विचारतोय. घरात सांगायची हिंमत झाली नाही.

---

मकतब_मास्तर | ६ वा रोजा, पहाटे ४:०५

भाऊ, सहरीला उठलो आणि तुमचं वाचलं. मी लहान मुलांना कायदा (अरबी अक्षरओळख) आणि कुरआन शिकवतो, धर्मनियमांचा निवाडा देणारा मुफ्ती नाही, हे आधी सांगतो.

मसल्याच्या (धर्मनियमाच्या) हिशेबानं तुमचा रोजा झाला. रोजा तुटतो तो जाणूनबुजून खाण्यापिण्यानं आणि नवरा-बायकोच्या संबंधानं. खोटं बोलणं गुनाह आहे, पण त्यामुळे त्या रोजाची कजा करावी, म्हणजे तो नंतर भरून काढावा, लागत नाही. विसरून पाणी प्यायलात तरी रोजा तुटत नाही. हदीस (पैगंबरांचं वचन) सांगते की त्याला अल्लाहनंच खाऊ-पिऊ घातलं.

पण तुम्ही हे विचारलेलं नाही, मला कळतंय. बुखारी या हदीससंग्रहात आहे की ज्यानं खोटं बोलणं आणि खोट्यावर वागणं सोडलं नाही, त्यानं खाणंपिणं सोडावं याची अल्लाहला काही गरज नाही. दुसऱ्या एका हदीसमध्ये आहे की कित्येक रोजेदारांच्या हाती भुकेशिवाय काही लागत नाही आणि कित्येक रात्र जागवणाऱ्यांच्या हाती जागरणाशिवाय काही लागत नाही. रोजे फर्ज (बंधनकारक) झाले ते हिजरी सन २ मध्ये, आणि सूरा बकरच्या १८३ व्या आयतीत त्याचं कारण एकच दिलंय: तुमच्यात तकवा यावा. तकवा म्हणजे, मी मुलांना सांगतो तसं, बोराटीतून चालताना धोतर सावरत चालतो ना, तसं जगणं.

एका बाईचा किस्साही हदीसमध्ये येतो. खूप नमाज, खूप रोजे, खूप सदका (दान), पण जिभेनं शेजाऱ्यांना छळायची. रसूलल्लाह म्हणाले, ती दोजखात (नरकात) आहे. दुसरी एक बाई, फर्ज तेवढं करायची, पनीरचे तुकडे सदका द्यायची आणि कोणाला त्रास द्यायची नाही. ती जन्नतीत.

अल्लाहचा हक्क तौबेनं (पश्चात्तापानं) माफ होतो. बंद्याचा (माणसाचा) हक्क त्या बंद्याकडंच जाऊन मिटवावा लागतो. तुमचा मामला मशिदीत सुटायचा नाही, धुऱ्यावर सुटेल.

---

वऱ्हाडी_बंडी | ६ वा रोजा, सकाळी ८:३०

नमस्कार. मी हिंदू शेतकरी, अकोट तालुक्यातला. मसला-गिसला मले समजत नाई, पन एक पाह्यलेलं सांगतो.

२०१८ साली रमजान मे महिन्यात आला होता. मशागतीचे दिवस. आमच्याकडं एक मुसलमान सालदार होता, ५५ वर्षांचा असन. मी म्हनलं, चाचा, हा महिना वखर सोडा, दुसरा मानूस लावतो. म्हने, नाई मालक, सालाचे पैसे घेतले हायेत, काम करतोच; फक्त पहाटं लवकर येऊ द्या. पाचले यायचा, ११ ले बैल सोडायचा. पारा ४५ च्या वर. रोजा १४ घंट्याच्या वर जात होता त्या दिवसाइत.

एक दिवस मी चिचेच्या बुडाशी आडवा होतो, त्याले दिसत नव्हतो. दुपारच्या नमाजीले तो विहिरीवर आला. बादली शेंदली. थंडगार पानी, तुम्हाले माहीत हाये विहिरीचं पानी मे महिन्यात कसं रायते ते. हात धुतले, चूळ भरली अन् थुकून देल्ली. तीनदा चूळ भरली, तीनदा थुकून देल्ली. अर्धा कोसभर कोनी नाई. एक घोट पोटात गेला असता तं कोनाले समजलं असतं? मंग गमछा ओला करून डोक्शावर घेतला अन् निंबाच्या सावलीत नमाजीले उभा रायला.

मी आजपावेतो एकादशी करतो, पन त्या दिवशी जे पाह्यलं त्याच्यानंतर माह्यी एकादशी बदलली. साबुदान्याची उसळ थाटीभर खात होतो, ते बंद केलं. तो चाचा आता नाई. त्याच्या मयतीले गेलो होतो, माती देल्ली.

भाऊ, तुम्ही आपल्या चुकीची एवढी सल धरून बसले, म्हंजे तुमच्यात तोच रोजा हाये. गव्हाले पानी द्या अन् मोकळे व्हा. दाना भरताना पानी तुटलं तं गहू चिमते, तो थांबत नाई.

---

मोजपट्टी | ६ वा रोजा, दुपारी २:१५

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका.

वर सगळे माऊन सांगतायत. पण धुरा सरकवणाऱ्याचं काय? बुखारीत हेही आहे की ज्यानं कोणाची वीतभर जमीन अन्यायानं बळकावली, त्याच्या गळ्यात कयामतीच्या दिवशी ७ जमिनींचं जोखड घातलं जाईल. दोन तास म्हणजे वीतभरापेक्षा किती तरी जास्त. खोटं बोललात ते चूकच. पण "देत नाही" असं तोंडावर सांगायचा हक्क तुम्हाला होता. मीठं मीठं बोलून एकानं जमीन घ्यायची आणि दुसऱ्यानं पाणी द्यायचं, यात इन्साफ कुठं आहे? आमच्या घरची चार एकर जमीन अशाच भिडेपायी गेली आहे, म्हणून बोलतोय.

आणि एक विचारतो. धुरेकरी आपल्यातला आहे की दुसरा?

---

काटेपूर्णेकाठचा | ६ वा रोजा, दुपारी ४:४०

मोजपट्टी भाऊ, तुमच्या घरच्या जमिनीचं वाचून वाईट वाटलं. राग नाही.

तुम्ही सांगितलेली हदीस मला पाठ आहे. चार वर्षांत मी ती चौकात, पानठेल्यावर, लग्नाच्या मांडवात, दिसेल त्याला ऐकवली. जो ऐकेल तो म्हणायचा, बरोबर आहे तुमचं. आता वाटतं, ती माझ्या धुरेकऱ्यासाठी होती आणि माऊन माझ्यासाठी. त्याच्या वाट्याची मी पाठ केली, माझ्या वाट्याची फक्त तोंडानं म्हणत राहिलो. धुऱ्याच्या मोजणीचा अर्ज दिलेला आहे. ते काम त्याच्या वाटेनं होईल.

आपल्यातला की दुसरा, ते मी इथं लिहिणार नाही. सूरेत ते विचारलेलं नाही.

---

कापूसवेचणी | ६ वा रोजा, रात्री १०:२०

मी सहसा फक्त वाचते. यवतमाळ जिल्ह्यातली, मजुरीला जाते, माझं शिक्षण दहावीपर्यंत.

दादा, तुम्ही दाखवण्याविषयी लिहिलं म्हणून बायकांचं थोडं सांगावंसं वाटलं. सहरीला आम्ही साडेतीनला उठतो. भाकरी, भाजी, चहा, सगळ्यांना उठवणं, भांडी, मग फजर (पहाटेची नमाज). इफ्तारीला सगळे खजूर घेऊन बसतात तेव्हा बाईच्या हातात अजून झारा असतो. याची तक्रार नाही, मला त्यात आनंद वाटतो. रोजेदाराला इफ्तार करवणाऱ्याला रोजेदाराइतकंच सवाब (पुण्य) आहे.

पण जे दिवस आम्हाला नमाज-रोजा माफ असतो, त्या दिवसांत आम्ही चोरासारखं खातो. सासरे बसलेले, दीर बसलेले, म्हणून दिवसभर तोंड बंद ठेवून रोजा असल्यासारखं वावरायचं, आणि पाणी न्हाणीघरात जाऊन प्यायचं. लोकांना दिसावा म्हणून रोजा. मी किती वर्षं तसं केलं. मागच्या साली मुलगी मोठी झाली तेव्हा ठरवलं की तिला हे शिकवायचं नाही. तिच्यासमोर चुलीपाशी बसून जेवले. अल्लाहनं सूट दिली आहे ती लपवायची कशाला?

ते सुटलेले ६-७ रोजे मी डिसेंबरात पुरे करते, वेचणीच्या दिवसांत. तेव्हा मशिदीचा भोंगा उठवत नाही, घरात भजे तळत नाहीत, सोबतच्या बायका दुपारी शिदोरी सोडतात आणि मी धुऱ्यावर बसून असते. कोणी विचारलं तर सांगते, नाही तर नाही. मगरिबला बऱ्याचदा वाटेतच असते, बंडीत. पदराच्या गाठीतला खजूर काढून तोंडात टाकते. मला वर्षभरातले सगळ्यात जवळचे रोजे तेच वाटतात. रोजा माझ्यासाठी आहे आणि त्याचा मोबदला मीच देईन, असं अल्लाहनं म्हटलंय ना, ते मला डिसेंबरात समजतं.

तुम्ही जाऊन या दादा. पहिल्यांदा बोलायला जड जातं, मी नणंदेबरोबर अनुभवलंय.

---

निळी_शाई | ७ वा रोजा, सकाळी ६:५०

ताई, तुमचं बंडीतल्या खजुराचं वाचून घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. आई रडली.

थोडं विषयांतर करते, माफ करा. आईला शुगर आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. वय ६८. रोजा सोडायला तयार नाही. काल दुपारी घामानं डबडबली, हात थरथरत होते, तरी म्हणे अजून तीन तासच राहिलेत. काय सांगू तिला?

---

सिस्टर_अचलपूर | ७ वा रोजा, सकाळी ७:३०

घाम आणि थरथर ही शुगर खाली गेल्याची लक्षणं आहेत. पुन्हा असं झालं तर वेळ पाहत बसू नका. लगेच साखरपाणी द्या, मग ग्लुकोमीटरवर तपासा. ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर आकडा दिसला की रोजा सोडायचा, इफ्तारला दहा मिनिटं असली तरी. बोटातून थेंबभर रक्त काढल्यानं रोजा तुटत नाही. इन्सुलिनचं प्रमाण मनानं कमी-जास्त करू नका, आजच डॉक्टरांना दाखवा. मी स्वतः वॉर्डात रमजानच्या दिवसांत अशा आया पाहिल्या आहेत, शुद्ध हरपलेल्या. त्यांच्या मनातली श्रद्धा खरी असते, म्हणूनच त्यांना ओरडायला माझी जीभ उचलत नाही.

---

मकतब_मास्तर | ७ वा रोजा, सकाळी ९:१५

ताई, अम्मांना १८४ आणि १८५ वी आयत वाचून दाखवा. आजारी आणि प्रवासी यांना नंतरच्या दिवसांत रोजे पुरे करायची मुभा आहे. ज्यांना पुढंही बरं होण्याची आशा नाही त्यांनी एका रोजामागे एका गरिबाला जेवू घालावं, तो फिदया. आणि तिथंच अल्लाह म्हणतो, त्याला तुमच्यासाठी सोपं करायचं आहे, अवघड करायचं नाही. त्याच्या पुढची, १८६ वी, मला फार आवडते. माझे बंदे माझ्याविषयी विचारतील तर सांगा, मी जवळ आहे. रोजाच्या आयतींच्या अगदी मधोमध ही आली आहे. अम्मांना म्हणावं, फिदयाचं जेवण स्वतःच्या हातानं वाढा.

---

खारपाणी | ७ वा रोजा, रात्री १०:५५

मूळ विषयाकडं येतो. माझं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. आमच्याकडं कितीही खोल बोअर मारा, पाणी खारटच. कपडे धुवायला साबणाचा फेस येत नाही, पिकाला दिलं तर जमीन कडक होते. प्यायचं पाणी नळयोजनेचं, तेही कधी चार दिवसांनी, कधी आठ.

लहानपणी रमजान उन्हाळ्यात यायचा तेव्हा इफ्तारचं पाणी हाच मोठा प्रश्न असायचा. (रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडं सरकतो, साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०३० मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरात पुन्हा, असा एका सालात दोनदा सुरू होईल.) गावात गोड्या पाण्याची एकच झिरी होती, नदीकाठच्या एका माळी कुटुंबाच्या वावरात. रमजानचा महिनाभर ते लोक असरनंतर झिरी आमच्यासाठी मोकळी ठेवायचे. स्वतःच्या घरचं पाणी सकाळीच भरून घ्यायचे. कोणी सांगितलं नव्हतं, ठराव झाला नव्हता. ती म्हातारी माय झिरीजवळ बसून राहायची, जनावरं पाण्यात शिरू नयेत म्हणून.

मदिनेतही हीच गोष्ट होती. गोड पाण्याची रूमाची विहीर एकाच्या मालकीची, पाणी विकत मिळायचं. हजरत उस्मान यांनी ती विकत घेतली आणि सगळ्यांना खुली करून दिली. आणि पाण्याविषयी सरळ हुकूम आहे, गरजेपेक्षा जास्तीचं पाणी अडवून ठेवू नका. ज्यानं वाटसरूला जादा पाणी दिलं नाही त्याच्याकडं अल्लाह कयामतीच्या दिवशी पाहणारही नाही, असं हदीसमध्ये आहे. मोजपट्टी भाऊ, म्हणून मला वाटतं, इथं धुऱ्याचा हिशेब पाण्यात मिसळता येत नाही.

ज्यांच्याकडं गोडं पाणी आहे त्यांना त्याची किंमत आमच्याइतकी ठाऊक नसते.

---

मोजपट्टी | ८ वा रोजा, पहाटे ५:००

खारपाणी भाऊ, ही पाण्याची हदीस माझ्या लक्षात नव्हती. मी माझ्या घरच्या जखमेवरून बोलून गेलो. जमिनीचं मत माझं कायम आहे. पाण्याचं मागं घेतो.

---

काटेपूर्णेकाठचा | १० वा रोजा, रात्री ९:२५

दोन दिवस लिहू शकलो नाही.

आठव्या रोजाला फजर झाल्यावर तसाच वावरात गेलो. तो गव्हात उभा होता. मी धुऱ्यावरून हाक मारली. जवळ आला नाही, तिथूनच म्हणाला, बोल. मी सांगितलं, त्या दिवशी खोटं बोललो, विहिरीत पाणी आहे, पाइप घेऊन जा. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "वरच्या अंगाचा एक एकर गेला. ये, पाहून घे."

गेलो. ओंबी हातात धरून चोळली. वऱ्हाडी दादा म्हणाले तसंच, दाणा चिमलेला. तीन दिवस आधी पाणी मिळालं असतं तर हा एकर वाचला असता. हे मी कोणत्या कजानं भरून देऊ, मला माहीत नाही. त्याला म्हणालो, यंदाच्या हरभऱ्यातून तुझ्या घरच्या खाण्यापुरतं धान्य माझ्याकडून घे. त्यावर तो काही बोलला नाही. होही नाही, नाहीही नाही. बिलाचे पैसे देत होता, घेतले नाहीत. मग दोघांनी मिळून पाइप ओढले. १३ नळ होते, शेवटचा कमी पडला तो त्यानं घरून आणला. धुऱ्यावरून चार वेळा इकडं-तिकडं गेलो, धुऱ्याचं नाव दोघांनीही काढलं नाही.

काल रात्री खालच्या एकराला अर्ध्यापर्यंत पाणी पोचलं. मध्ये फ्यूज गेला, तो बसवायला तो आला होता, माझी सहरीची वेळ होत होती म्हणून मला म्हणाला, तू जा, मी पाहतो.

कापूसवेचणी ताई, तुम्ही लिहिलं होतं तसं पहिल्या हाकेलाच जड गेलं, पुढं नाही. घरातही सांगितलं. मुलीनं काही विचारलं नाही, फक्त भाषांतराचं पुस्तक माझ्या उशाशी आणून ठेवलं.

आत्ताच तरावीहहून आलो. लाइन १० ला येते. अर्धा एकर राहिलाय, मोटार सुरू करायला निघतो.